पाहुण्या नौकेला वाटाड्या हवाच



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ पारोळ्याची ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला भूगोल शिकवत. भिंतीवर नकाशा लावायचे, एखाद्या मुलाला बोलावायचे आणि सांगायचे, बोरी नदीवर बोट ठेव. बोट उचलायचं नाही, पाणी जिकडे जाईल तिकडे न्यायचं. मग ते बोट पारोळ्यापासून अमळनेरला, तिथून तापीला, पुढे सारंगखेडा, प्रकाशा, उकाई असं करत सुरतेच्या खाली समुद्राला टेकायचं. गुरुजी विचारायचे, "मग आता सांग, आपलं गाव समुद्रापासून तोडलेलं आहे का?" मी पुढे बंदरात नोकरीला गेलो, जहाजं आत आणण्या-नेण्याच्या कामात आयुष्य काढलं, त्याची सुरुवात त्या प्रश्नात आहे असं मी मानतो.

आजचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा एका जुन्या मित्राने मला विचारलं, "भाऊ, तठे आपलं काय काम शे?" परदेशी श्रीमंतांच्या हौशी नौका, त्यांना आपल्या किनाऱ्यावर वाटाड्या सक्तीचा असावा की नसावा, याचा कापूस-मक्याच्या तालुक्याशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

बोरी, पांझरा, गिरणा, वाघूर, अनेर या आपल्या सगळ्या नद्या तापीला मिळतात. उकाईचं धरण 1972 मध्ये झालं, आता बराच गाळ तिथे अडतो. पण त्याआधी शेकडो वर्षं आपल्या शिवारातली माती पावसाळ्यात वाहून सुरतेपुढच्या खाडीत जाऊन बसत होती. तापीच्या मुखाशी वाळूचे आणि गाळाचे दांडे तयार झाले. मोठं जहाज थेट सुरतेपर्यंत येऊ शकत नसे. 1608 मध्ये विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाज घेऊन सुरतेपुढे आला, तेव्हा त्यालाही बाहेर नांगर टाकावा लागला. पुढे इंग्रजांनी सुरतेजवळच्या सुवाळीचा आडोसा पकडला. किनाऱ्याला समांतर वाळूचा दांडा, त्याच्या आत खोल पाणी. मोठी जहाजं तिथे थांबायची आणि माल लहान होड्यांतून नदीने वर जायचा. 1612 मध्ये याच सुवाळीला इंग्रज आणि पोर्तुगीज लढले. पोर्तुगीजांची मोठी जहाजं वाळूवर चढली, आणि इंग्रजांचा या किनाऱ्यावर जम बसायला तिथून सुरुवात झाली. त्या वाळूत आपल्या शिवाराची माती होती, मंडळी. कुठे पाणी आहे आणि कुठे नाही, हे कोणाला ठाऊक आहे, यावर राज्यं ठरली आहेत.

आणि पारोळ्याने तर कोकणाशी नातं विसरूच नये. झाशीच्या ज्या नेवाळकर घराण्याची इथे जहागिरी होती, त्या घराण्याचं मूळ लांजा तालुक्यातल्या कोट गावचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. म्हणजे हा विषय आपल्या घरातलाच आहे.

आता मुद्द्यावर येतो. बंदराचा वाटाड्या, ज्याला सगळ्या गोद्यांमध्ये पायलट म्हणतात, तो नेमकं काय करतो?

तुम्ही दर वर्षी आपल्या बालाजीचा रथ पाहता. दोर ओढणारे शेकडो हात असतात, जयघोष असतो, सगळ्यांचं लक्ष वर देवाकडे असतं. पण वळणावर रथ किती फिरायचा आणि उतारावर कुठे थांबायचा, हे चाकाजवळ वाकून चालणारा, चाकाखाली पाचर घालणारा मोगरीवाला ठरवतो. त्याला गल्लीची रुंदी पाठ असते, कुठे ओटा पुढे आलाय ते माहीत असतं. जहाजावरचा वाटाड्या हा तो मोगरीवाला. जहाजाचा कप्तान सात समुद्र ओलांडून आलेला असतो, त्याचं ज्ञान मोठं असतं, पण या गल्लीचं नसतं.

आणि तो चढतो कसा ते ऐका. बंदराच्या बाहेर, उघड्या समुद्रात, एक लहान लाँच मोठ्या जहाजाच्या कुशीला जाते. जहाज थांबलेलं नसतं, सावकाश चालत असतं. वाऱ्याच्या आडोशाची बाजू निवडतात. वरून दोराची शिडी सोडलेली असते, तिला लाकडी पायऱ्या. लाँच लाटेबरोबर वर उठते, खाली बसते. वर उठल्याच्या क्षणी शिडी धरायची आणि लगेच दोन-तीन पायऱ्या चढून जायचं, कारण पुढच्या लाटेला लाँच पुन्हा वर येते आणि खाली राहिलेला पाय तिच्या आणि जहाजाच्या मध्ये सापडतो. अशी शिडी 9 मीटरपेक्षा जास्त चढायला लावायची नाही, त्याहून उंच जहाज असेल तर बाजूने जिना जोडून द्यायचा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जगात आजही या शिडीवरून पडून वाटाडे मरतात. पावसाळ्यात रात्री दोन वाजता मुंबईबाहेर ही शिडी चढणाऱ्या माणसाला मी हात जोडतो.

वर गेल्यावर तो कप्तानाशी बोलतो. जहाज किती पाण्यात बुडालेलं आहे, इंजिन कसं आहे, वळायला किती जागा लागते, हे विचारतो. आज भरती कधीची आहे, प्रवाह कुठे आडवा येईल, हे सांगतो. जहाजावर अर्धा पांढरा, अर्धा लाल असा बावटा चढतो. बंदरातल्या सगळ्यांना कळतं, वाटाड्या वर आहे. पण जहाजाची जबाबदारी कप्तानाचीच राहते. वाटाड्या सांगतो, हुकूम कप्तानाचा. आपल्या कायद्यातही तसंच आहे. पनामा कालव्यात मात्र जहाजाची सूत्रं वाटाड्याच्या हाती जातात, तो अपवाद.

आता कोणी म्हणेल, आज उपग्रह आहेत, नकाशे पडद्यावर दिसतात, मग माणूस कशाला? 26 मार्च 2024 च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून 'डाली' नावाचं जहाज निघालं. खलाशी जवळपास सगळे भारतीय होते. जहाजाची वीज गेली, सुकाणू निकामी झालं, आणि पुढ्यात पूल. जहाजावर दोन स्थानिक वाटाडे होते. नांगर टाकायला सांगितलं गेलं, आणि त्याच वेळी वाटाड्यांनी बिनतारी संदेश दिला की पुलावरची वाहतूक थांबवा. पोलिसांनी दोन्ही टोकांना गाड्या अडवल्या. पूल कोसळला. पुलावर काम करणारे 6 मजूर गेले, त्याचं दुःख आहेच. पण रात्री पूल ओलांडणाऱ्या गाड्यांतली माणसं वाचली. पडद्यावरच्या नकाशाने हा निरोप दिला नसता. कोणाला सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, आणि ऐकणारा आपलं ऐकेल याचा भरवसा, हे त्या गावच्या माणसाकडेच असतं.

एवढं ऐकल्यावर वाटेल की मग सगळ्याच नौकांना वाटाडे असतील. तसं नाही, आणि माझ्या व्याख्यानाचं कारण तेच आहे.

आपल्याकडे 1908 चा भारतीय बंदरे कायदा 117 वर्षं चालला. त्यातलं एकतिसावं कलम स्थूलमानाने असं होतं: ज्या बंदरांना हे कलम लागू केलं आहे, तिथे 200 टनांचं किंवा त्याहून मोठं जहाज वाटाड्याशिवाय आत येणार नाही, बाहेर जाणार नाही, हलणारही नाही. त्याहून लहान नौकेला बंदराच्या अधिकाऱ्याने लेखी परवानगी दिली की वाटाड्याशिवाय चालत असे. 2025 मध्ये संसदेने हा जुना कायदा बाजूला सारून नवा बंदरे कायदा केला, त्याच वर्षी व्यापारी नौवहनाचा 1958 चा कायदाही बदलला. पण कायद्याच्या कलमांखाली लहान बंदरांसाठी नियम लिहायचे असतात. ते कोणाला विचारून लिहायचे, हे आज मला बोलायचं आहे.

आता 200 टन म्हणजे काय? जगप्रवासाला निघालेली 15-16 मीटर लांबीची शिडाची नौका घ्या. कुटुंब राहतं तिच्यावर. तिचं माप फार तर तीस-चाळीस टन भरतं. म्हणजे त्या कलमातल्या वाटाड्याच्या सक्तीच्या दृष्टीने ती जवळजवळ अदृश्य होती. आपली ओळख आणि ठिकाण सतत प्रसारित करणारं एक यंत्र जहाजांवर असतं, एआयएस. आंतरराष्ट्रीय नियमांत ते 300 टनांपासून वरच्या जहाजांना सक्तीचं आहे. तिथूनही ही नौका सुटते. जहाजांच्या सुरक्षेचा जो मोठा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याची बरीच कलमं व्यापार न करणाऱ्या हौशी नौकांना लागूच नाहीत.

याचा अर्थ तिला काहीच नियम नाहीत असा नव्हे. उलट कागद भरपूर आहेत. परदेशी नौका आपल्या पाण्यात आली की तिने पिवळा बावटा लावायचा. माझ्या नौकेवर साथीचा रोग नाही, मला उतरण्याची परवानगी द्या, असा त्याचा अर्थ. मग ठरलेल्या बंदरातच जायचं. तिथे सीमाशुल्क, इमिग्रेशन, आरोग्य, बंदर. ई-व्हिसावर समुद्रमार्गे उतरायचं तर ज्या बंदरांची नावं सांगतात त्यांत आपल्या बाजूला मुंबई, मुरगाव, मंगळूर आणि कोची आहेत. नौकेवरचा दारूचा साठा मोहरबंद होतो. उपग्रह फोन परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि जगभरच्या दर्यावर्दींकडे तो असतोच, कारण भर समुद्रात दुसरं काही चालत नाही.

बघा, प्रत्येक खातं त्या नौकेला एक प्रश्न विचारतं. तू कोण? काय आणलंस? किती दिवस राहणार? पण पुढच्या खाडीच्या तोंडाशी वाळू कुठे सरकली आहे, मच्छीमारांची जाळी रात्री कुठे पसरलेली असतात, वारा फिरला तर आसरा कुठे घ्यायचा, हे तिला कोणीही सांगत नाही. सांगायची कोणावर जबाबदारीही नाही.

नियम आणि वाट दाखवणं यांची फारकत आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात कार्ताझ नावाचे परवाने काढले. हा परवाना नसलेलं जहाज अरबी समुद्रात दिसलं की ते धरायचे. त्या कागदाने व्यापाऱ्याला वाट मिळत नव्हती, फक्त अभय मिळत होतं, तेही पैसे मोजून. कान्होजी आंग्र्यांनी तोच न्याय उलटवला आणि आपल्या दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्यांना अडवलं. इंग्रज त्यांना चाचे म्हणत राहिले. आपल्या पाण्यात आपला परवाना मागणारा चाचा कसा, हा प्रश्न आजही विचारायला हवा. पण इथे मला कान्होजींच्याही आधीचा एक प्रसंग सांगायचा आहे.

1679 चं खांदेरी. मुंबईच्या तोंडाशी, थळच्या समोर असलेल्या त्या बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी कॅप्टन केग्विन आणि 'रिव्हेंज' हे जहाज पाठवलं, बेटाभोवती वेढा घातला. इकडे महाराजांच्या आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान. मराठ्यांकडे मोठी जहाजं नव्हती. होती ती उथळ तळाची लहान गलबतं आणि मचवे. थळचा किनारा आणि बेट यांच्यामध्ये पाणी उथळ, खाली खडक. इंग्रजांच्या जहाजांना तिथे वावरणं अवघड, वारा पडला की हलताही येत नसे. आमचे मचवे रात्रीच्या अंधारात, वल्ह्यांवर, त्या खडकांतून चुना, दगड, दाणागोटा आणि माणसं बेटावर पोचवत राहिले. बेट मराठ्यांकडेच राहिलं. हे जिंकणं तोफांचं कमी होतं. खडकाच्या कोणत्या बाजूने किती पाणी, हे ज्यांना अंधारात कळत होतं, त्या थळ-रेवदंड्याकडच्या दर्यावर्दी माणसांचं ते जिंकणं होतं. त्यांची नावं इतिहासात नाहीत. दोन शतकांनी, 1867 मध्ये, इंग्रजांनी त्याच खांदेरीवर दीपगृह उभारलं, कारण त्या पाण्याची भीती त्यांच्याही मनातून गेली नव्हती.

आता अलीकडे येऊ या.

18 ऑगस्ट 2022. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता, दुसऱ्या दिवशी दहीहंडी. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस नौका लागली. सुमारे 16 मीटर लांब. आत माणूस नाही. उघडून पाहिलं तर तीन एके-47 रायफली आणि काडतुसं. तुम्ही दूरदर्शनवर ती बातमी पाहिली असेल. अख्ख्या राज्यात सावधतेचा इशारा गेला, नाकाबंदी लागली. सायंकाळपर्यंत खुलासा झाला, विधानसभेत उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निवेदन केलं: नौकेचं नाव 'लेडी हान', मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेची, मस्कतहून युरोपकडे निघाली होती. 26 जूनला भर समुद्रात इंजिन बंद पडलं, खलाशांनी मदत मागितली, एका कोरियन युद्धनौकेने त्यांना वाचवलं. समुद्र खवळलेला असल्याने नौका ओढून नेता आली नाही. ती तशीच सोडून दिली गेली.

26 जून ते 18 ऑगस्ट. साडेसात आठवडे ती नौका एकटी अरबी समुद्रात फिरत होती. नैर्ऋत्येचा वारा, जो शेकडो वर्षं अरबस्तानातली गलबतं आपल्याकडे आणत आला, त्यानेच तिला आणलं. दहशतवादाचा संबंध निघाला नाही, हे आपलं सुदैव. पण विचार करा. ती नौका कोणत्याही नियमाने कोणत्याही बंदराला बांधलेली नव्हती. तिला वाटाड्या नव्हता, आणि ती येते आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. किनाऱ्यावरच्या स्थानिकांनी ती पाहिली, त्यांनी कळवलं. सगळी यंत्रणा त्यानंतर जागी झाली.

याच्या आधीचा प्रसंग याहून काळा आहे. नोव्हेंबर 2008. पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका दहशतवाद्यांनी पळवली. इतर खलाशांना मारलं. नौकेचे तांडेल, म्हणजे नाखवा, अमरसिंह सोळंकी यांना मात्र जिवंत ठेवलं. का? कारण त्यांना मुंबईची वाट माहीत होती. मुंबई जवळ आली, वाटाड्याची गरज संपली, आणि त्यांचाही गळा कापला. पुढे रबरी होडीतून ते दहा जण बधवार पार्कच्या कोळी वस्तीत उतरले. तिथेही त्यांना पहिल्यांदा हटकलं ते वस्तीतल्या माणसांनी.

किनाऱ्याच्या पाण्याचं ज्ञान किती मोलाचं आहे हे मारेकऱ्यांना कळलं होतं. आपल्या नियम करणाऱ्यांना ते कळलं आहे का? 2008 नंतर खूप काही झालं. आज तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आहे, सागरी पोलिसांचा 1093 आहे, सागर सुरक्षा दलं आहेत. या सगळ्यात किनाऱ्यावरचा कोळी, भंडारी, गाबीत, दालदी माणूस हा फक्त कळवणारा आहे. काही दिसलं तर फोन करा. त्याच्या ज्ञानाला कायद्यात जागा नाही, त्याला हुद्दा नाही, त्याला मोबदला नाही.

आता दुसरी बाजू. ती मला मांडलीच पाहिजे, कारण ती मांडणारी माणसं माझे मित्र आहेत आणि समुद्र त्यांना माझ्याइतकाच प्रिय आहे.

ती म्हणतात, समुद्र मोकळा आहे. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत देशाची सत्ता मान्य केली आहे, पण त्या पट्ट्यातूनही परदेशी नौकेला निरुपद्रवी मार्गाने जाण्याचा हक्क दिला आहे. आपल्या 1976 च्या कायद्यातही तो आहे. जी माणसं केप हॉर्नला वळसा घालून आली, त्यांना तुम्ही दाभोळच्या खाडीत माणूस घ्या म्हणून सक्ती करणार? इंग्लंडकडे पाहा, ते सांगतात. तिथे 1514 पासून ट्रिनिटी हाऊस ही संस्था वाटाड्यांचं काम पाहत आली, पण त्यांच्या 1987 च्या कायद्याने 20 मीटरपेक्षा लहान नौकेवर वाटाड्याची सक्ती करताच येत नाही. शिवाय मोठ्या जहाजांच्या पायलटला लहान खाड्यांची माहिती असतेच असं नाही. तो खोल मार्गाचा माणूस. मग फी कशाची द्यायची?

यातला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. हौशी नौकेला मुंबईचा पायलट द्या असं मी म्हणतच नाही. आणि खुल्या समुद्रातून सरळ निघून जाणाऱ्याला अडवा असंही नाही. पण जी नौका आपल्या खाडीत शिरते, आपल्या बेटांजवळ नांगर टाकते, तिचं काय? मोकळेपणाचा हक्क जाणाऱ्याचा आहे. मुक्कामाला आलेल्याला घरची रीत असते.

आणि टनांचं माप हे एकच माप आहे का? ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळांत 1991 पासून वाटाड्या सक्तीचा केला. तिथे माप जहाजाच्या लांबीचं आहे, 70 मीटर, आणि तेलाने, वायूने भरलेल्या टँकरना लांबीचीही सूट नाही. पण आधी ठरवलं ते पाणी. कोणतं पाणी नाजूक आहे, ते नकाशावर आखलं, आणि मग जहाजाचा विचार केला. आपल्याकडे ही आखणी उलट्या क्रमाने झाली. आधी जहाज मोजलं, पाण्याचा विचार नंतर. म्हणून मालवणच्या सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांत आणि मुंबईच्या खणून खोल केलेल्या मार्गात लहान नौकेला एकच न्याय लागत आला. मालवणला किनाऱ्यावरून किल्ल्याकडे जाणारी होडी सरळ जात नाही हे तुमच्यापैकी जे सहलीला गेले असतील त्यांनी पाहिलं असेल. ती वळणं घेत जाते, कारण खाली खडक आहेत. महाराजांनी जागा निवडली ती त्या खडकांमुळेच.

मग माझं म्हणणं काय? किनाऱ्यावरचे अवघड टापू नावानिशी जाहीर करा: खाडीची तोंडं, खडकांचे पट्टे, जाळ्यांची ठिकाणं. त्या टापूंत पाहुण्या नौकेने, मग ती दहा टनांची का असेना, परवानाधारक स्थानिक वाटाड्या घ्यावा. मे अखेरपासून नारळी पौर्णिमेपर्यंत ही अट अधिक कडक, कारण त्या दिवसांत आपले मच्छीमारसुद्धा बाहेर पडत नाहीत, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदच असते. आणि हा वाटाड्या गावातला तांडेल असावा.

इथे जे मला अडवतात ते विचारतात, तांडेलाची परीक्षा कशी घेणार? त्याला तर इंग्रजी येत नाही. मी त्यांना सांगतो, भरतीचं गणित विचारा. आज कोणती तिथी? समजा एकादशी. कोकणातला कोळी अकराला पाऊण पट करतो: सव्वाआठ. म्हणजे मुंबईकडे सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळीही आणि रात्रीही. अष्टमीला आठाचे पाऊण पट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. पंचांग तुमच्याही घरात आहे, उद्या करून बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं. प्रत्येक खाडीला या गणितात थोडी मिनिटं अधिक-उणी करावी लागतात, ती त्या खाडीच्या तांडेलाला ठाऊक असतात. पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा सरकतो. तो कुठे सरकला हे छापील नकाशात यायला वर्षं लागतात. तांडेल पहिल्या चार-पाच फेऱ्यांत लाट कुठे फुटते ते पाहून ओळखतो. पाण्याचा रंग कुठे बदलतो, सातव्या-आठव्या लाटेनंतर समुद्र कधी दम घेतो, तेवढ्यात आत कसं घुसायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. बिनतारी यंत्रावर बोलण्यापुरती इंग्रजी वाक्यं शिकवायला काही आठवडे पुरतील. हे ज्ञान शिकवायला दोन पिढ्या लागतात.

महाराष्ट्र सागरी मंडळ 1996 पासून आपल्या 48 लहान बंदरांचं काम पाहतं. होड्यांची नोंदणी, तांडेल-सारंगांची प्रमाणपत्रं, ही व्यवस्था राज्यात आहे. पाया आहे, त्यावर एक मजला चढवायचा आहे. फी बंदराच्या फलकावर लावलेली हवी, रुपयांत, सगळ्यांना एकच. ती थेट वाटाड्याला मिळावी. पाहुण्याने मुंबईत वा मुरगावला उतरताना ज्या खिडकीवर बाकीचे कागद दिले, तिथेच वाटाड्याची नोंद व्हावी. चार खिडक्या फिरायला लावल्या तर चांगला दर्यावर्दी आपल्याकडे येणारच नाही. तो मालदीवला जाईल, श्रीलंकेला जाईल, आणि आज बरेच जण जातातच.

कारण ते यावेत असं मला मनापासून वाटतं. आपली माणसंही त्यांच्या किनाऱ्यांवर पाहुणी म्हणून जाऊन आली आहेत. 1985 मध्ये 'तृष्णा' ही शिडाची नौका मुंबईहून निघाली आणि जगप्रदक्षिणा करून 1987 च्या जानेवारीत परतली. 2009 च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली 'म्हादेई' नौका घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि पुढच्या मे महिन्यात परत आले, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन. त्या प्रत्येक बंदरात 'म्हादेई' परदेशी नौका होती. तिथल्या माणसांनी तिला जागा दिली, दुरुस्तीला हात दिला. उद्या तिथलं एखादं कुटुंब हर्णैच्या समोर संध्याकाळी नांगर टाकायला आलं, तर त्यांना पहिलं दर्शन कोणाचं व्हावं? बंदूकधारी गस्ती नौकेचं, की आपल्या होडीतून हात करणाऱ्या, छातीवर परवान्याचा बिल्ला लावलेल्या तांडेलाचं? सुरक्षेचा विचार केला तरी मला दुसरंच बरं वाटतं. वाटाड्या नौकेवर चढला की त्याने नौका पाहिली, माणसं पाहिली, त्यांच्याशी तो बोलला. संशयास्पद काही असेल तर त्याला दुर्बिणीतून पाहणाऱ्यापेक्षा आधी कळेल.

नव्या कायद्याखालचे नियम येतील तेव्हा त्यांच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील. त्या फक्त कोकणातून जाव्यात असं कुठे लिहिलेलं नाही. आपल्या माध्यमिक शाळांतून दर वर्षी मुलं नौदलात, मर्चंट नेव्हीत जात आहेत, मी त्यांना ओळखतो. त्यांचे आईवडील या सभागृहात आहेत. सूचना मराठीत लिहा, एका पानात लिहा, आणि त्यात हे तीन शब्द असू द्या: टापू, हंगाम, तांडेल. मी माझी सूचना लिहून आणली आहे. व्याख्यान संपल्यावर टेबलावर ठेवतो, ज्यांना सही करायची असेल त्यांनी करावी, ज्यांना ती पटत नसेल त्यांनी माझ्याशी वाद घालावा. रात्री उशिरापर्यंत मी इथेच आहे.